मेंदूतली गाठ, रक्तातली खूण

बारा-तेरा वर्षांचा मुलगा रात्रीतून चार-पाच वेळा लघवीला उठतो. उशाशी भरून ठेवलेला तांब्या पहाटेपर्यंत रिकामा होतो. घरच्यांना शंका येते मधुमेहाची. साखर तपासतात, ती नॉर्मल निघते आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात. शोध मात्र तिथे थांबता कामा नये. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या देठापाशी जर्म सेल ट्यूमर वाढत असेल, तर शरीरात पाणी धरून ठेवणारं संप्रेरक कमी पडतं आणि अशीच तहान लागते.

जर्म सेल म्हणजे ज्यांच्यापासून पुढे शुक्राणू किंवा बीजांडं होतात त्या पेशी. गर्भ काही आठवड्यांचा असताना त्या बीजकोशाच्या जागेकडे प्रवास करतात. काही वाट चुकून मेंदूत राहतात आणि पुढे त्यांचीच गाठ होते, असं मानलं जातं. ही गाठ बहुधा पिट्युटरीजवळ किंवा मेंदूच्या खोल मध्यभागी असलेल्या पिनिअल ग्रंथीपाशी सापडते. जपान-कोरियात तिचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आहे.

मेंदूच्या बहुतेक गाठींचं निदान करायला तुकडा काढावा लागतो. इथे कधी कधी रक्तच उत्तर देतं, कारण यातल्या काही गाठी गर्भावस्थेतली प्रथिनं पुन्हा बनवू लागतात. यातला योक सॅक ट्यूमर हा प्रकार एएफपी (अल्फा-फीटोप्रोटीन) बनवतो. कोरिओकार्सिनोमा हा दुसरा प्रकार एचसीजी बनवतो, म्हणजे गरोदरपणाच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटवणारं तेच संप्रेरक, इथे एका मुलाच्या रक्तात! लहान मुलग्यांत ते वयाआधीच मिसरूड फुटायला कारण ठरू शकतं. युरोपातल्या उपचारपद्धतीत एएफपी २५ नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटरच्या किंवा एचसीजी ५० युनिट प्रति लिटरच्या वर गेलं आणि एमआरआयही जुळला, तर बायोप्सी न करता केमोथेरपी सुरू करता येते. मेंदूच्या इतक्या खोल भागात सुई न घालावी लागणं ही लहान गोष्ट नाही.

नुसत्या रक्तावर मात्र भागत नाही. कधी कधी रक्तात काहीच नसताना पाठीतून काढलेल्या, मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात मार्कर (गाठीची खूण सांगणारं असं प्रथिन) वाढलेला सापडतो, म्हणून दोन्ही तपासतात. मेंदूत पाणी साचून दाब वाढला असेल, तर पाठीत सुई घालणं धोक्याचं असतं. तेव्हा आधी दाब उतरवावा लागतो. शिवाय तान्ह्या बाळाचं एएफपी मुळातच भरपूर असतं, त्यामुळे आकडा वयाशी ताडून पाहावा लागतो.

सगळ्यात जास्त गैरसमज होतो तो ‘नॉर्मल’ या शब्दाने. या गाठींत सर्वाधिक आढळणारा जर्मिनोमा एएफपी बनवत नाही, एचसीजी बनवलं तरी थोडंसंच. अशा वेळी तुकडा तपासावाच लागतो. आणि तो तपासण्यात मोलाचं काही आहे: जर्मिनोमा रेडिएशनला इतकी दाद देतो की दहापैकी नऊ रुग्ण बरे होतात.

उपचार सुरू झाल्यावर याच आकड्यांवर नजर ठेवतात. एचसीजी साधारण दीड दिवसात निम्मं होतं, एएफपीला पाच-सात दिवस लागतात. त्या वेगाने उतरलं नाही, तर औषध पुरेसं लागू पडत नसल्याची शंका येते. क्वचित उलटं घडतं: मार्कर नॉर्मलला येतात आणि एमआरआयवर गाठ वाढलेली दिसते. तो बहुधा मागे उरलेला टेराटोमा, म्हणजे याच गाठींचा आणखी एक प्रकार असतो. तो ही प्रथिनं फारशी बनवत नाही, केमोथेरपीलाही जुमानत नाही. तो ऑपरेशननेच काढावा लागतो.