‘अ रेझिन इन द सन’: घराच्या कागदांमागचा इतिहास

भंगलेली स्वप्नं, पैसा, आई-मुलाचा झगडा, आफ्रिकेची ओढ. लॉरेन हॅन्सबेरी या कृष्णवर्णीय लेखिकेच्या १९५९च्या या नाटकाची आशयसूत्रं सांगताना बहुतेक जण ही यादी देतात. यादी चुकीची नाही, पण या सगळ्याला पोटात घेणारा प्रश्न बराच रोकडा आहे: शिकागोत कृष्णवर्णीय कुटुंबाने घर कुठे घ्यायचं, हे ठरवणार कोण?

वंशानुसार वस्त्या आखून देणारे नगरपालिकांचे नियम अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१७मध्ये रद्द ठरवले. गोऱ्या घरमालकांनी लगेच पळवाट काढली. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आपसात करार करून तो मालमत्तेच्या दस्ताला जोडायचा: ही जागा कृष्णवर्णीयांना विकायची नाही, भाड्यानेही द्यायची नाही. घरगड्याला आणि ड्रायव्हरला मात्र राहायची मुभा! १९२६मध्ये न्यायालयाने अशा खासगी करारांत पडायचं नाकारलं आणि पद्धत पक्की झाली. अमेरिकेच्या दक्षिणेकडून येणारी कृष्णवर्णीय माणसं शिकागोच्या एका चिंचोळ्या पट्ट्यात दाटत गेली. एकेका फ्लॅटचे तुकडे पाडून भाड्याने दिले गेले. नाटकाचा पडदा उघडतो तेव्हा कुटुंबातला छोटा नातू बैठकीच्या खोलीत सोफ्यावर झोपलेला असतो आणि बाहेरच्या सामायिक बाथरूमसाठी शेजाऱ्यांच्या आधी नंबर लावायची धांदल उडते, ती यामुळेच.

हॅन्सबेरीच्या वडिलांनी १९३७मध्ये अशाच करारात अडकलेल्या वस्तीत घर घेतलं. ती तेव्हा सात वर्षांची होती. जमावाने हल्ला केला. आई रात्रभर भरलेलं पिस्तूल घेऊन घरात पहारा द्यायची. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९४०मध्ये वडील सर्वोच्च न्यायालयात जिंकले. ‘या निकालाने असे करार बेकायदा ठरले’ असं आजही सर्रास लिहिलं जातं. ते खरं नाही. करार लागू व्हायला ठरावीक रस्त्यांलगतच्या ९५ टक्के जागेच्या मालकांच्या सह्या लागत होत्या. प्रत्यक्षात होत्या जेमतेम ५४ टक्क्यांच्या. तरी आधीच्या एका दाव्यात ही अट पूर्ण झाल्याचं पक्षकारांनी परस्पर मान्य करून टाकलं होतं आणि राज्याच्या न्यायालयाने तेच सगळ्यांवर बंधनकारक धरलं. सर्वोच्च न्यायालय एवढंच म्हणालं, की ज्यांचं हित त्या दाव्यात कोणी मांडलंच नाही, त्यांना तो निकाल बांधत नाही. वंशभेद घटनेत बसतो की नाही, यावर चकार शब्द नाही! कायद्याचे विद्यार्थी हा खटला आज सामूहिक दाव्यांच्या (अनेकांच्या वतीने काही जणांनी लढवलेल्या दाव्यांच्या) प्रकरणात वाचतात, यातच सगळं आलं.

कोर्टांनी असे करार अमलात आणू नयेत, हे १९४८मध्ये ठरलं. घरविक्रीतल्या भेदभावावर सरसकट कायदेशीर बंदी यायला १९६८ उजाडलं. नाटक या दोन तारखांच्या मधलं आहे. त्यातलं कुटुंब गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतं. म्हणूनच त्या वस्तीचा गोरा प्रतिनिधी कोर्टाची धमकी देत नाही. गोड बोलून, फायदा देऊन घर परत विकत घ्यायला येतो. कुटुंबातल्या दिवंगत वडिलांच्या विम्याचे १०,००० डॉलर आलेले असतात. त्यातले ३,५०० आईने घरासाठी भरलेले असतात. उरलेले, बहिणीच्या डॉक्टरकीच्या शिक्षणाच्या पैशांसह, थोरला मुलगा दारूच्या दुकानाच्या नादात घालवून बसतो. त्यानंतर तो ही ऑफर नाकारतो. स्वप्नांची चर्चा करणारे या नकाराला ‘सुखान्त’ म्हणतात, तेव्हा ते कुटुंब कुठे राहायला चाललंय हे सोयीस्करपणे विसरलं जातं.

याला मूळ प्रयोगही काहीसा जबाबदार आहे. कृष्णवर्णीयांच्या घरावर बॉम्ब टाकल्याची बातमी घेऊन येणाऱ्या शेजारणीचा प्रवेश ब्रॉडवेवर कापला होता. १९६०च्या दशकातल्या जहाल मंडळींनी नाटकाला मध्यमवर्गीय म्हणून हिणवलं. त्यांतल्याच एका कवी-नाटककाराने १९८०च्या दशकात मत बदलल्याचं जाहीरपणे लिहिलं. १९८९च्या दूरचित्रवाणी आवृत्तीत शेजारीण परतली. २०१०मध्ये एका गोऱ्या नाटककाराने त्याच काल्पनिक घरावर नवं नाटक रचलं. त्याच्या दुसऱ्या अंकात २००९ साल आहे, वस्ती कृष्णवर्णीयांची झाली आहे आणि एक गोरं जोडपं ते घर पाडून मोठं बांधायला निघालंय.