टुरिझमची पदवी: दाखला हातात असूनही अर्ज का बाद होतो

बारावीनंतर टुरिझमला जाणारी मुलं मार्कांवरून फारशी गळत नाहीत. गळतात ती कागदांवरून, आणि तेही फाइल जाडजूड असताना. कारण फाइलमधले दाखले राज्याचे असतात आणि संस्था केंद्राची.

ग्वाल्हेरची भारतीय पर्यटन व प्रवास व्यवस्थापन संस्था घ्या. 1983 पासूनची, केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतली. नोएडा, भुवनेश्वर, नेल्लोर आणि गोव्यातही शिकवते. बीबीएला बारावी, एमबीएला पदवी, खुल्या गटाला 50 टक्के. 600 पैकी 299 म्हणजे 49.83. ते 50 होतील अशा आशेवर फी भरू नका.

आता खरी मेख. ‘नॉन-क्रिमीलेअर आहे की, तीन वर्षांचं!’ हे वाक्य मी दर जूनमध्ये ऐकतो. ते राज्याचं. केंद्रीय संस्थेला केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र लागतं, आणि ते सहसा चालू आर्थिक वर्षातलं, म्हणजे 1 एप्रिलनंतर काढलेलं. जातही केंद्राच्या यादीत असावी लागते. राज्याच्या यादीत आहे म्हणजे तिथे असेलच असं नाही. सेतूत नुसतं ‘नॉन-क्रिमीलेअर’ म्हटलं की राज्याचंच हातात पडतं. ‘केंद्राच्या नमुन्यातलं’ असं स्पष्ट सांगा आणि खिडकी सोडण्याआधी पावती वाचा. गेल्या वर्षी एका मुलीला ‘हेच सगळीकडे चालतं’ म्हणून परत पाठवलं होतं. कागदपत्र तपासणीत तिची ओबीसीची जागा गेली. सांगणाऱ्याचं काय गेलं?

ईडब्ल्यूएसचंही, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या दाखल्याचंही तसंच. 8 लाखांची उत्पन्न मर्यादा सगळ्यांना पाठ असते, पण केंद्राच्या निकषात कुटुंबाकडे 5 एकर किंवा त्याहून जास्त शेतजमीन नसावी, ही अट कुणी वाचत नाही. सहा एकर कोरडवाहू, पिकलं तर पिकलं, तरी अपात्र. अन्यायच आहे, पण अर्जात तो मांडायला रकाना नाही. मराठा उमेदवारांनी लक्षात ठेवावं, राज्याचा एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) दाखला केंद्रीय प्रवेशाला चालत नाही. निकषात बसत असाल तर केंद्राच्या नमुन्यातलं ईडब्ल्यूएस काढा.

आणखी एक कागद मायग्रेशनचा, म्हणजे एका मंडळातून दुसऱ्या मंडळात किंवा विद्यापीठात जाताना लागणारं प्रमाणपत्र. ते म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला नव्हे. मायग्रेशन बोर्डाचं विभागीय मंडळ देतं, कॉलेज नाही. ते निकालानंतर लगेच मागा. प्रवेशाच्या आठवड्यात धावपळ करून मिळेलच असं नाही.

महाराष्ट्रातच बीबीए करायचं तर 2024 पासून सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा आहे. ती चुकली की कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश फेरीतून नाव येत नाही. आणि टुरिझम म्हणजे हॉटेल मॅनेजमेंट नव्हे. हॉटेल मॅनेजमेंटची राष्ट्रीय परीक्षा वेगळी, तिथे बारावीला इंग्रजी विषय लागतो.

नोकरी सांभाळून इग्नूतून, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठातून करणाऱ्यांना डीईबी आयडी (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा क्रमांक) लागतो, त्याआधी एबीसी आयडी (शैक्षणिक क्रेडिटच्या खात्याचा क्रमांक), आणि त्याच्या मुळाशी आधार. आपल्या बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. कुठे वडिलांचं नाव गायब. फॉर्म भरायला बसण्याआधी दोन्ही कागद शेजारी ठेवून स्पेलिंग अक्षर-अक्षर जुळवा. आधारची दुरुस्ती करायची असेल तर ती मेमध्येच उरका, मुदतीच्या आदल्या दिवशी नाही.