इंटरनेट कुणाकडे नाही? लॅरी अर्व्हिंग यांनी मोजायला लावलेली दरी

राष्ट्रीय सरासरी खरी असूनही दिशाभूल करू शकते. १९९४ साली अमेरिकेतील सुमारे ९४ टक्के कुटुंबांच्या घरी दूरध्वनी होता, आणि एवढ्या आकड्यावर समाधान मानणाऱ्याला दूरसंचाराचे जाळे देशभर पोहोचले आहे असेच वाटले असते. उरलेली कुटुंबे देशभर सारखी विखुरलेली आहेत की ठराविक भागांत आणि ठराविक समाजगटांत एकवटलेली आहेत, हे मात्र त्या आकड्यातून कळत नव्हते. अमेरिकी सरकारात दूरसंचार धोरण सांभाळणारे अधिकारी लॅरी अर्व्हिंग यांच्या कारकिर्दीतील सर्वांत टिकाऊ काम या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे आहे, असे मला वाटते.

अर्व्हिंग यांनी १९७९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली. पुढे टेक्सासचे लोकप्रतिनिधी मिकी लेलँड यांच्या कार्यालयात आणि त्यानंतर एड मार्की यांच्या अध्यक्षतेखालील दूरसंचारविषयक उपसमितीत त्यांनी कायदेविषयक काम केले. १९९३ मध्ये क्लिंटन प्रशासनात ते वाणिज्य खात्याचे सहायक सचिव आणि 'नॅशनल टेलिकम्युनिकेशन्स अँड इन्फर्मेशन ॲडमिनिस्ट्रेशन', म्हणजेच एनटीआयए या संस्थेचे प्रमुख झाले. १९९९ पर्यंत ते त्या पदावर होते. या संस्थेचे अधिकार समजून घेतल्याशिवाय त्यांच्या कामाचे वेगळेपण लक्षात येत नाही. दूरध्वनी कंपन्यांचे नियमन हे फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या स्वतंत्र आयोगाचे काम, आणि तारा टाकणे हा कंपन्यांचा व्यवसाय. एनटीआयएकडे केंद्र सरकारच्या वापरातील रेडिओलहरींचे व्यवस्थापन, काही अनुदाने आणि राष्ट्राध्यक्षांना सल्ला देण्याची जबाबदारी होती. ज्याच्या हाती हुकूम काढण्याचे अधिकार थोडे, त्याला पुराव्याच्या बळावरच काम रेटावे लागते.

हा पुरावा जनगणना विभागाच्या मासिक सर्वेक्षणातून मिळाला. बेरोजगारीचा दर काढण्यासाठी हा विभाग दर महिन्याला हजारो कुटुंबांना प्रश्न विचारत असे, आणि नोव्हेंबर १९९४ मधील प्रश्नावलीत घरातील संगणक व मोडेम यांविषयीचे प्रश्नही जोडले गेले. ही जोड वरवर किरकोळ दिसते. तिचे महत्त्व संख्याशास्त्रात आहे. शंभर कुटुंबांच्या यादृच्छिक नमुन्यावरून काढलेल्या टक्केवारीत सुमारे दहा टक्के-बिंदूंपर्यंत इकडेतिकडे फरक पडू शकतो, तर अडीच हजारांच्या नमुन्यात तो सुमारे दोनवर येतो. देशाची सरासरी काढायला अडीच हजार कुटुंबे पुरतात, पण ग्रामीण भागातील, कमी उत्पन्नाची आणि एका विशिष्ट वंशाची कुटुंबे वेगळी काढायची म्हटली, तर त्या नमुन्यात अशी जेमतेम काही डझन सापडतील आणि निष्कर्षाला अर्थ उरणार नाही. म्हणूनच मोठा आणि सर्व कसोट्यांवर तपासलेला सरकारी नमुना हाती असणे निर्णायक ठरले.

जुलै १९९५ मध्ये 'फॉलिंग थ्रू द नेट' हा एनटीआयएचा पहिला अहवाल आला. वंचित कुटुंबे ग्रामीण भागांत आणि मोठ्या शहरांच्या गाभ्यातील वस्त्यांत एकवटली असल्याचे त्यातून दिसले. १९९८ आणि १९९९ मध्ये पुढचे अहवाल निघाले. १९९९ च्या अहवालानुसार शहरातील उच्च उत्पन्नाच्या कुटुंबाकडे इंटरनेट असण्याची शक्यता ग्रामीण भागातील अल्प उत्पन्नाच्या कुटुंबापेक्षा वीस पटींहून अधिक होती.

या निष्कर्षांवर एक रास्त आक्षेप घेतला गेला, आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही. कोणतेही नवे तंत्रज्ञान समाजात आधी सावकाश, मग झपाट्याने आणि शेवटी पुन्हा सावकाश पसरते. श्रीमंत गट या प्रवासात पुढे असतो, त्यामुळे सुरुवातीच्या काळात दोन्ही गटांची प्रगती होत असतानाही त्यांच्यातील अंतर वाढलेले दिसते आणि पुढे ते आपोआप कमी होऊ शकते. मात्र ग्रामीण भागाच्या बाबतीत हा युक्तिवाद अपुरा पडतो. तार टाकण्याचा खर्च मुख्यतः अंतरावर अवलंबून असतो आणि कमाई मात्र ग्राहकांच्या संख्येवर. विरळ वस्तीत एका मैलामागे दोनच घरे असतील, तर उपकरणे कितीही स्वस्त झाली तरी खोदाईचा आणि खांबांचा खर्च त्या दोन घरांवरच पडतो. अशा ठिकाणी बाजारपेठेची वाट पाहणे म्हणजे बहुधा अनिश्चित काळ थांबणे होय.

१९९६ च्या दूरसंचार कायद्याने यावर अंशतः तोडगा काढला. त्यातील तरतुदीनुसार शाळा आणि ग्रंथालयांना दूरसंचार सेवांवर २० ते ९० टक्के सवलत मिळू लागली. ही योजना ई-रेट या नावाने ओळखली जाते. शाळेतील किती मुले सवलतीच्या किंवा मोफत जेवणास पात्र आहेत, यावर सवलतीचे प्रमाण ठरत असे, आणि पैसा दूरसंचार कंपन्यांच्या वर्गणीतून उभ्या राहणाऱ्या निधीतून येई. कंपन्या ही वर्गणी अखेर ग्राहकांच्या बिलात लावत, म्हणून विरोधकांनी तिला छुपा कर म्हटले. ही योजना अर्थातच एकट्या अर्व्हिंग यांची नव्हती. काँग्रेसमधील, म्हणजे अमेरिकी संसदेतील सदस्य, आयोग आणि प्रशासन या सर्वांचा तिच्यात वाटा होता. अमेरिकेत १९९४ साली केवळ ३ टक्के सार्वजनिक वर्गखोल्यांत इंटरनेट होते. २००० साली हे प्रमाण ७७ टक्क्यांवर गेले. या वाढीचे सारे श्रेय ई-रेटला देता येणार नाही, कारण त्याच काळात संगणक स्वस्त होत होते आणि राज्येही खर्च करत होती.

अर्व्हिंग यांचा २०१९ साली इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला, पण मोजणीचे भांडण तोवर मिटले नव्हते. आयोगाच्या ब्रॉडबँड, म्हणजे वेगवान इंटरनेटच्या नकाशांत अनेक वर्षे असा नियम होता की, जनगणनेच्या एका गटातील, म्हणजे जनगणनेसाठी आखलेल्या छोट्या भागातील एका जागी जरी सेवा देता येत असेल, तरी तो सगळा गट सेवायुक्त धरावा. शहरात असा गट म्हणजे रस्त्यांनी वेढलेला इमारतींचा एक समूह असतो. ग्रामीण भागात मात्र तो कित्येक चौरस मैलांचा असू शकतो. त्यामुळे ज्या घरांपर्यंत तार कधीच पोहोचली नव्हती, तीही कागदावर जोडलेली दिसत. २०२० च्या कायद्याने प्रत्येक जागेनुसार नकाशे करणे बंधनकारक केले, आणि २०२१ मध्ये मंजूर झालेल्या ब्रॉडबँड उभारणीच्या ४२.४५ अब्ज डॉलरच्या निधीचे राज्यांतील वाटप या नव्या नकाशांच्या आधारे ठरले. तो निधी सांभाळण्याचे काम एनटीआयएकडेच आले.

तार दारापर्यंत पोहोचली तरी मासिक बिल परवडेल की नाही, हे नकाशात दिसत नाही. बिलात सूट देणारी केंद्रीय योजना २०२४ मध्ये निधी संपल्याने बंद पडली, तेव्हा तिच्यात २ कोटींहून अधिक कुटुंबांची नोंद होती. त्यांतील किती कुटुंबांनी नंतर जोडणी सोडली, हे समजण्यासाठी नकाशा पुरत नाही. कुटुंबांना थेट प्रश्न विचारणारे सर्वेक्षणच लागते.