चिक्कीचा पाक आणि मांजरीचे बीजांड

गाय माजावर आली की गावात कृत्रिम रेतन करणारा माणूस मोटारसायकलला कॅन बांधून येतो. झाकण उघडल्यावर पांढरा धुरळा उठतो, चिमट्याने एक बारीक कांडी बाहेर निघते आणि गोठ्यातली पोरं डोळे विस्फारून बघत राहतात. त्या कॅनमध्ये द्रवरूप नायट्रोजन असतो, पशुसंवर्धन खात्याच्या भाषेत द्रवनत्र, उणे १९६ अंश सेल्सिअसवर. उरुळी कांचनच्या बायफसारख्या संस्थांनी गोठीत रेतमात्रा खेड्यापाड्यांत पोचवल्या, त्यामुळे हे दृश्य आपल्याला नवे नाही. मात्र त्यातून एक समज मनात पक्का बसला आहे: जिवंत पेशी टिकवायची तर ती गोठवावीच लागते.

तसे असते तर पेरणीचे बी आपण कशात ठेवले असते? ज्वारीचे बी शेतकरी उन्हात वाळवतो, दाताखाली कट्ट वाजले की झाले म्हणतो आणि कणगीत टाकतो. त्या दाण्यात एक सबंध जिवंत गर्भ आहे. तो पुढच्या मृगापर्यंत काही न खाता-पिता तसाच राहतो. वनस्पतींना वाळून टिकायला जमते, तर प्राण्यांच्या शुक्राणूंना, बीजांडांना, अंडाशयाच्या तुकड्याला का जमू नये? गेली पंचवीस-तीस वर्षे काही प्रयोगशाळा या प्रश्नामागे आहेत आणि त्यांचे काम मला फार मोलाचे वाटते.

आधी गोठवण्याबद्दल. पेशीला थंडी मारत नाही, बर्फ मारतो. पाण्याचे स्फटिक होताना उरलेल्या पाण्यातले क्षार दाट होत जातात, आणि स्फटिकांच्या कडा पडदे फाडतात. १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्तोफर पोल्ज, ऑड्री स्मिथ आणि ॲलन पार्क्स यांनी ग्लिसरॉल (म्हणजे ग्लिसरीन) घालून कोंबड्याचे शुक्राणू गोठवून दाखवले. आजची सगळी वीर्यपेढी-व्यवस्था त्या ग्लिसरॉलवर उभी आहे. पण नायट्रोजन सतत उडत असतो, तो सतत भरावा लागतो. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात एका रुग्णालयाच्या टाकीचे तापमान वाढले आणि चार हजारांहून अधिक बीजांडे व भ्रूण वाया गेले. श्रीमंत देशातल्या मोठ्या रुग्णालयाची ही गत, तर दूरच्या जंगलात मेलेल्या मादीचे अंडाशय घेऊन बसलेल्या पशुवैद्याने काय करावे?

आता वाळवण्याकडे येऊ, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

पेशीचा पडदा म्हणजे मेदाच्या रेणूंचे दोन थर. रेणूंची डोकी पाण्याकडे, शेपट्या आतल्या बाजूला. डोक्यांच्या मधल्या फटींत पाण्याचे रेणू बसलेले असतात आणि तेच डोक्यांना एकमेकांपासून दूर ठेवतात. पाणी गेले की डोकी जवळ सरकतात, शेपट्यांची दाटी होते आणि पडदा थिजतो, थंडीत डब्यातले तूप थिजते तसा. प्रयोगात वापरला जाणारा एक साधा मेद ओला असताना ४१ अंशांना पातळ होतो. तोच पूर्ण वाळवला तर शंभराच्या पुढे जावे लागते. आता या थिजलेल्या पडद्यावर पुन्हा पाणी घाला. तो घट्टाचा पातळ होऊ लागतो आणि त्या संक्रमणातच त्याला फटी पडतात. आतले सगळे बाहेर गळते. म्हणजे वाळवलेली पेशी पुष्कळदा मरते ती भिजवताना.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रातल्या जॉन आणि लोइस क्रो या दांपत्याने याच मेदाबरोबर ट्रेहॅलोज नावाची साखर वाळवली. ग्लुकोजचे दोन रेणू जोडून झालेली ही साधी साखर. तिचे रेणू पाण्याने रिकाम्या केलेल्या जागी डोक्यांमध्ये जाऊन बसतात. परिणाम असा की कोरडा मेद साधारण २४ अंशांनाच पातळ होतो. पडदा कोरडा असूनही थिजत नाही, म्हणून भिजवताना ते घातक संक्रमणही होत नाही.

साखरेचे दुसरे काम मला त्याहून सुंदर वाटते. खडीसाखर आणि चिक्की हातात घेऊन बघा. दोन्ही साखरच, पण खडीसाखर हा स्फटिक आहे, त्यात रेणू कवायतीसारखे रांगेत उभे असतात. चिक्कीचा पाक झपाट्याने थंड होतो, रेणूंना रांग लावायला वेळच मिळत नाही आणि ते जिथे असतील तिथे अडकून पडतात. ही काच आहे, अगदी भौतिकशास्त्राच्या अर्थाने. त्या काचेत शेंगदाणा जसा अडकतो, तशी वाळत्या पेशीतली प्रथिने आणि डीएनए ट्रेहॅलोजच्या काचेत अडकतात. रेणू हलला नाही तर रासायनिक क्रियाही घडत नाही. जीवन तिथे जवळपास थांबते.

काचेचा शत्रूही चिक्कीच दाखवते. पावसाळ्यात डब्याचे झाकण उघडे राहिले की दुसऱ्या दिवशी ती चिकट होते. हवेतले पाणी आत शिरून रेणूंना हलायला जागा करून देते. पूर्ण कोरड्या ट्रेहॅलोजची काच शंभर अंशांच्या पुढे मऊ पडते, नेहमीच्या साखरेची त्याहून बरीच आधी. पण थोडाच ओलावा शिरला तरी हे तापमान झरझर खाली येते. शुद्ध पाण्याची काच तर उणे १३५ अंशांच्या खालीच टिकते. आता नायट्रोजनच्या कॅनकडे पुन्हा पाहा. तिथेही पेशीभोवती शेवटी काचच हवी असते. पाण्याची काच हवी म्हणून एवढी थंडी लागते. साखरेची काच केली तर ती खोलीच्या तापमानालाही मिळते. वाळवण्याचा सगळा खटाटोप एवढ्यासाठी आहे.

सुप्तावस्थेत जाणारे जीव हे फार पूर्वीपासून करत आले आहेत. आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीवर्गीय प्राण्याची सुकी अंडी ट्रेहॅलोजने भरलेली असतात. आफ्रिकेतल्या एका डासासारख्या माशीची अळी डबके आटले की ट्रेहॅलोज बनवत बनवत वाळते. आपली सस्तन पेशी मात्र ही साखर बनवत नाही आणि साखर पडद्यातून आतही जात नाही. म्हणून संशोधकांना जिवाणूच्या विषारी प्रथिनाने पडद्याला तात्पुरती छिद्रे पाडण्यासारख्या युक्त्या कराव्या लागतात.

इथे संजीवनीबद्दल बोलायलाच हवे. देवस्थानांच्या वाटेवर कोरड्या तपकिरी गोळ्यासारखी एक वनस्पती ‘संजीवनी बुटी’ म्हणून विकतात. पाण्यात ठेवली की ती उलगडते, हिरवी होते. ती सेलाजिनेला आहे, तिचे पुन्हा टवटवीत होणे शंभर टक्के खरे आहे आणि त्यामागे पेशी जपण्याचे असेच रसायन आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पश्चिम घाटात वाळून पुन्हा जगणाऱ्या ६२ वनस्पती नोंदवल्या आहेत. पण ती बुटी उगाळून माणसाचा आजार जातो, हे सपशेल खोटे आहे. तिची साखर तिच्या पेशीत असते म्हणून ती जगते. आपण ती खाल्ली तर आपल्या पोटात ती पचते.

प्राण्यांमध्ये पहिले ठोस यश १९९८ चे. हवाई विद्यापीठात तेरुहिको वाकायामा आणि र्‍युझो यानागिमाची यांनी उंदराचे शुक्राणू गोठवून, निर्वातात त्यातला बर्फ थेट वाफ करून उडवला. इन्स्टंट कॉफी बनवतात तीच रीत. भुकटीत पाणी घातल्यावर एकही शुक्राणू हलला नाही. पडदे फाटलेले, नेहमीच्या कसोटीने सगळे मेलेले. तरी एकेकाचे डोके सुईने बीजांडात सोडल्यावर निरोगी पिल्ले जन्मली. कारण शुक्राणूच्या डोक्यात डीएनए प्रोटामीन या प्रथिनांभोवती इतका आवळून बांधलेला असतो की तो मुळातच निम्मा वाळवलेला असतो. बाकीचे काम बीजांड करते. वाळवताना डीएनए कापणारी विकरे (एन्झाइम) जागी होऊ नयेत म्हणून द्रावणातला कॅल्शियम पकडून ठेवणारे रसायन घालतात, आणि वाळवणीत शुक्राणूतले बीजांडाला जागे करणारे प्रथिन निकामी झाले तर स्ट्रॉन्शियमच्या क्षाराने ते काम करून घेतात. पुढे ससा, मोठा उंदीर (रॅट), घोडा यांच्यातही पिल्ले झाली.

वाकायामांच्या जपानमधल्या यामानाशी विद्यापीठातल्या गटाने अशी भुकटी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर ५ वर्षे १० महिने ठेवून, परत आणून १६८ पिल्ले मिळवली. २०२१ मध्ये त्यांनी कागदावर वाळवलेले शुक्राणू प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यांत बंद करून, पोस्टकार्डाला चिकटवून साध्या टपालाने पाठवले. त्यातूनही पिल्ले झाली. ‘आता माणसाचे बाळ टपालाने’ असल्या मथळ्यांवर विश्वास ठेवू नका. उंदरापलीकडे हे अजून खूप अवघड आहे.

बीजांडाचा प्रश्न वेगळाच. ते मोठे, पाण्याने भरलेले. मांजरीच्या बीजांडात तर मेद इतका की ते काळपट दिसते. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतले पिएर कोमिझोली म्हणून सबंध बीजांडाच्या मागे न लागता अपक्व बीजांडाच्या मोठ्या केंद्रकामागे लागले. घरगुती मांजर त्यांनी निवडली कारण नसबंदी शस्त्रक्रियेत काढलेली अंडाशये सहज मिळतात, आणि तिच्यावर जमले तर चित्ता-बिबट्यांच्या कुळासाठी वाट सापडते. केंद्रकाला ट्रेहॅलोज पाजतात आणि मग मायक्रोवेव्ह. शिजवण्यासाठी नव्हे, कमी शक्तीवर. उन्हात सांडग्याचे कवच आधी वाळते आणि आत ओल राहते. सूक्ष्मलहरी पाण्याच्या रेणूंना आतबाहेर सगळीकडे एकदम हलवतात, म्हणून वाळणे समान होते. अशा केंद्रकांतला डीएनए शून्याच्या वर साठवूनही बऱ्याच अंशी शाबूत राहतो, असे त्यांच्या गटाने दाखवले आहे.

पुढची पायरी म्हणजे ते केंद्रक दुसऱ्या ताज्या बीजांडाच्या पेशीद्रवात बसवणे. त्यातून मांजरीचे पिल्लू अजून जन्मलेले नाही. आणि शेजारीच अंडाशयाचा सबंध तुकडा वाळवण्याचे काम चालू आहे. तिथे शेकडो अपक्व बीजांडे, त्यांना पोसणाऱ्या पेशी आणि आधार देणारे धागे एकाच वेळी, एकाच वेगाने वाळायला हवेत, आणि साखर सगळ्यांच्या आत पोचायला हवी.