स्प्रिंट शर्यतीतील घोड्यांची पारख

साधारण १,००० ते १,२०० मीटरच्या घोडशर्यतीला स्प्रिंट म्हणतात. भारतात १,४०० मीटरची शर्यतही बरेचदा याच गटात धरली जाते. अशा शर्यतीत उतरणाऱ्या घोड्यांची पारख करताना फॉर्म (अलीकडची कामगिरी), गेटमधून सुटण्याची चपळाई, ड्रॉ (सुरुवातीला मिळालेल्या गेटची जागा), पाठीवरचे वजन, ट्रॅकची अवस्था आणि त्या दिवशीचा घोड्याचा नूर पाहतात.

एक हजार मीटर जेमतेम मिनिटभरात संपतात. घोडा सुरुवातीच्या काहीशे मीटरमध्येच पूर्ण वेग गाठतो आणि त्यानंतर बहुतेक सगळेच मंदावत जातात. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये मागून झेपावताना दिसणारा घोडा सहसा वेग वाढवत नसतो, तो इतरांपेक्षा कमी थकलेला असतो. गेटमध्ये रेंगाळलेल्या घोड्याला डर्बीच्या २,४०० मीटरमध्ये भरपाई करायला अवधी मिळतो, इथे मिळत नाही. म्हणून रेसकार्ड, म्हणजे शर्यतीतील घोड्यांची माहितीपत्रिका, हाती आल्यावर वेळा ताडून पाहण्याआधी आघाडी घेणारे घोडे किती आहेत ते मोजावे. असा घोडा एकटाच असेल, तर तो आपल्या मर्जीने धावतो आणि शेवटपर्यंत पुरतो. तिघे असतील, तर ते एकमेकांना दमवतात आणि त्यांच्या पाठीशी चिकटून राहिलेल्याचे फावते. हे गणित चुकले की बाकीचा अभ्यास वाया जातो.

ड्रॉचे महत्त्व ट्रॅकवर अवलंबून असते. इंग्लंडमधील चेस्टरचा ट्रॅक जवळजवळ गोल असून त्याचा फेरा जेमतेम पावणेसतराशे मीटरचा आहे. तिथल्या स्प्रिंटमध्ये आतल्या रेलिंगजवळचे गेट मिळालेल्या घोड्याला मोठा फायदा होतो, तर बाहेरच्याला वळणावर जास्तीचे अंतर कापावे लागते. न्यूमार्केट किंवा अ‍ॅस्कॉटच्या सरळ ट्रॅकवर वळणच नसते. तिथे जमिनीचा कोणता पट्टा टणक आहे आणि वेगवान घोडे कोणत्या बाजूला आहेत, हे पाहावे लागते.

वजनाचा परिणाम यॉर्कच्या ननथॉर्प स्टेक्समध्ये स्पष्ट दिसतो. तिथे दोन वर्षांच्या शिंगरांना मोठ्या घोड्यांपेक्षा सुमारे दहा किलो कमी वजन मिळते. त्या सवलतीवर १९९२ मध्ये लिरिक फँटसीने आणि २००७ मध्ये किंग्जगेट नेटिव्हने ही शर्यत मारली.

निकालातील लांब्या, म्हणजे घोड्याच्या अंगाच्या मापाने सांगितलेली अंतरे, याही डोळे झाकून मानू नयेत. २०१२ मध्ये अ‍ॅस्कॉटला ऑस्ट्रेलियाची अपराजित घोडी ब्लॅक कॅव्हियार केवळ डोक्याएवढ्या अंतराने जिंकली, पण जॉकीने अखेरीस तिला लवकर सैल सोडले होते.

मुंबईत हिवाळी आणि पुण्यात पावसाळी हंगाम असतो. पावसाने मऊ झालेल्या ट्रॅकवर चमकलेला घोडा मुंबईतील महालक्ष्मीच्या कोरड्या ट्रॅकवर तसाच धावेल असे धरू नये. सकाळच्या सरावाच्या नोंदी इथले शौकीन बारकाईने वाचतात. दोन घोड्यांनी ६०० मीटर ३८ सेकंदांतच कापले असले, तरी एक 'मोकळा धावला' आणि दुसऱ्याला 'जोर लावावा लागला' असेल, तर त्या दोन नोंदी एकसारख्या नाहीत.

शेवटची परीक्षा पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवून दाखवतात त्या आवारात, होते. बताश हा विलक्षण वेगवान घोडा २०१७ मध्ये यॉर्कला ननथॉर्प स्टेक्सच्या आधीच बिथरला आणि चौथा आला. पुढच्या वर्षीही चौथाच. २०१९ मध्ये त्याच शर्यतीत त्याने ५५.९० सेकंदांची वेळ देऊन डेजर या घोड्याचा १९९० चा ट्रॅक विक्रम मोडला. पॅडॉकमध्ये मानेवरचा फेस, मागच्या पायांमधला घाम, एकसारखी हलणारी शेपटी आणि लगामाशी झटापट ही बिथरल्याची चिन्हे आहेत. मात्र मुंबईच्या दमट हवेत शांत घोडाही घामेजतो. त्यामुळे शेजारच्या घोड्याशी तुलना करण्यापेक्षा हाच घोडा मागच्या वेळी पॅडॉकमध्ये कसा दिसत होता, ते आठवून पाहावे.