मागून धडक बसलेली जुनी स्पोर्ट्स कार आमच्याकडे आणण्यापूर्वी

गाडीला मागून धडक बसली की डिकीचे दोन-तीन फोटो पाठवून ‘खर्च किती येईल?’ असे आमच्या गॅरेजला विचारले जाते. फोटोवरून आम्ही आकडा सांगत नाही, याचा काही ग्राहकांना राग येतो, म्हणून आमची पद्धत येथे मांडत आहोत.

आमचा आणि तुमचा सर्वाधिक वेळ एकाच चुकीमुळे जातो. डिकी लागत नाही म्हणून जवळच्या डेंटरकडून मागचा पत्रा ओढून घेतला जातो, त्यावर लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरून रंगही मारला जातो, आणि मग ‘गाडी एका बाजूला ओढते’ अशी तक्रार घेऊन ती आमच्याकडे येते. पत्र्याच्या सुरकुत्या, सांध्यावर तडकलेला रंग आणि ताणलेले स्पॉट वेल्डिंग यांवरूनच धक्का कोठून शिरला आणि कोठवर पोहोचला हे कळते. त्या खुणा एकदा पुसल्या गेल्या की बॉडीतला पीळ धडकेचा की नंतरच्या ओढण्याचा, हे लांबी खरवडूनही खात्रीने सांगता येत नाही. विम्याच्या सर्व्हेअरलाही मूळ नुकसान दिसत नाही. तेव्हा डिकी दोरीने बांधा, पण पत्र्याला हातोडा लावू देऊ नका.

१९६२ ते १९८० या काळात बनलेल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारला वेगळी चॅसी नाही. बॉडी हाच तिचा सांगाडा आहे. धुळे-जळगाव मार्गावर केळीचा ट्रक मागून धडकला, तर तो या बुटक्या गाडीच्या बंपरच्या वर लागतो. बंपर जसाच्या तसा राहतो आणि डिकीच्या तळाला मात्र घड्या पडतात. छप्पर नसलेल्या गाडीत बराचसा भार दारांखालच्या सिलवर (उंबऱ्यासारख्या पोकळ पट्टीवर) असतो, म्हणून आम्ही प्रथम दाराच्या फटी वर-खाली सारख्या आहेत का ते पाहतो. नंतर पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर दोन्ही बाजूंनी मोजतो (मूळ माप ९१ इंच) आणि ओळंब्याने ठरावीक बिंदू जमिनीवर उतरवून कर्ण ताडून पाहतो. दोन बाजूंत फरक आढळला तरी घाबरू नये. कधी पाट्याचा (मागच्या लीफ स्प्रिंगचा) सेंटर बोल्ट तुटून केवळ ॲक्सल सरकलेला असतो, आणि ते काम बॉडी सरळ करण्याच्या मानाने फारच थोडक्यात होते.

१९४५ ते १९४९ मधील एमजी टीसीची गोष्ट वेगळी आहे. तिला स्वतंत्र चॅसी आहे, पण पेट्रोलची टाकी आणि स्टेपनी मागे उघड्यावर असल्याने पहिला मार त्यांनाच बसतो, आणि पत्र्याआड असलेल्या ॲश लाकडाच्या चौकटीचे सांधे निखळले तरी बाहेरून काहीच दिसत नाही.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीला व्हिंटेज नोंदणी हवी असेल, तर चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. म्हणून आम्ही शक्य तेथे मूळ पत्राच सरळ करतो.

तपासणीस दोन दिवस लागतात. तिचे शुल्क आम्ही घेतो, मात्र काम आमच्याकडे केल्यास ते बिलातून वजा होते; सर्व मापांचा लेखी तक्ता सर्व्हेअरसाठी तुम्हाला मिळतो. पेट्रोलचा वास येत असेल तर, विशेषतः आपल्याकडच्या मे महिन्यात, इंजिन सुरू करू नये. बॅटरीची वायर काढून गाडी फ्लॅटबेडवरूनच आणावी. धडक न बसलेल्या गाडीची मापेही आम्ही नोंदवून ठेवतो. पुढे अपघात झाल्यास तुलनेला त्याच गाडीचे आकडे हाताशी राहतात.