जडवस्तू नोंदवहीतून सुटलेले संगणक

गेल्या हिवाळ्यात सोलापूरच्या पूर्व भागातील एका घराच्या माडीवर एका शनिवारी दुपारपासून दिवेलागणीपर्यंत पंधरा-सोळा माणसे जुने संगणक मांडून बसली होती. खालच्या मजल्यावर यंत्रमाग चालू असल्यामुळे जमीन किंचित हादरत होती आणि बोलताना प्रत्येकाचा आवाज आपोआप चढत होता. एका टेबलावर पिवळट पडलेला, निर्मात्याचे नाव नसलेला २८६ जातीचा, म्हणजे इंटेलच्या ८०२८६ चिपवर चालणारा संगणक होता. शेजारी आखातातून कुणाच्या तरी मामांनी आणलेला झेडएक्स स्पेक्ट्रम हा ब्रिटिश घरगुती संगणक, एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि सव्वापाच इंची फ्लॉपींचे दोन खोके होते. आलेल्यांत निवृत्त बँक कर्मचारी, डीटीपीचा व्यवसाय केलेले दोघे, टंकलेखन संस्थेचे एक चालक, टीव्ही दुरुस्त करणारे एक गृहस्थ आणि अभियांत्रिकीचे काही विद्यार्थी होते. परदेशात अशा मेळाव्यांना नाव असते, तिकीट असते, व्याख्यानांची वेळापत्रके असतात. इथे यापैकी काहीच नव्हते, आणि मांडलेल्या वस्तूही तिकडच्या मेळाव्यांत दिसणाऱ्या वस्तूंपेक्षा वेगळ्या होत्या. असे का, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

सोलापुरात या विषयाची सुरुवात बहुधा जेकार्डपासून केली जाते आणि त्या दिवशीही तसेच झाले. जोसेफ मारी जेकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये सिद्ध केलेल्या यंत्रणेत नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरवतात. कागदावरची एक आडवी ओळ म्हणजे एक पत्ता, म्हणजे भोके पाडलेला पुठ्ठ्याचा तुकडा. पत्त्यावर जिथे भोक असेल तिथला ताण्याचा, म्हणजे उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो, आणि मधून बाणा, म्हणजे आडवा धागा जातो. असे शेकडो पत्ते दोऱ्याने ओवून त्यांची माळ मागावर चढवली, की चादरीवरचा मोर किंवा वेलबुट्टी आपोआप उमटत जाते. ब्रिटिश गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांच्याकडे खुद्द जेकार्ड यांची रेशमात विणलेली तसबीर होती आणि ती विणण्यासाठी सुमारे २४,००० पत्ते लागले होते. आपल्या नियोजित विश्लेषक यंत्रासाठी, म्हणजे आकडेमोड करणाऱ्या यंत्रासाठी, त्यांनी छिद्रित पत्त्यांची कल्पना जेकार्डच्या मागावरूनच घेतली. पुढे हर्मन हॉलेरिथ यांनी १८९० च्या अमेरिकी जनगणनेत असे पत्ते माणसे मोजण्यासाठी वापरले. त्यांच्या व्यवसायातून आणि इतर काही कंपन्यांच्या विलीनीकरणातून जी कंपनी उभी राहिली, तिला १९२४ साली आयबीएम हे नाव मिळाले.

मात्र त्यामुळे सोलापुरी चादरीचा माग हाच पहिला संगणक, असे जे अभिमानाने सांगितले जाते, ते मला मान्य नाही. माग पत्ता वाचतो, पण वाचलेल्यावरून पुढे काय करायचे हे ठरवत नाही. आकडेमोड त्याच्यात नाही आणि अटही नाही. त्याच्याकडे स्मरण आहे, विचार नाही. एवढे मान्य करूनही एक गोष्ट उरते. पत्त्यातले एक भोक चुकले तर कापडात नेमके कुठे काय बिघडेल, हे सांगू शकणारी माणसे या शहरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि त्या माडीवर फ्लॉपीतला एक बिघडलेला भाग शोधताना यजमानांच्या वडिलांनी जो संयम दाखवला, तो मला त्याच सवयीतून आलेला वाटला.

जुने संगणक जमवण्याचा छंद मात्र वेगळ्या मातीतला आहे. जानेवारी १९७५ मध्ये ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकी मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० हा घरी जोडता येणारा संच झळकला आणि त्याच वर्षी ५ मार्चला कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एका गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक झाली. १९७७ साली अॅपल टू, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० ही तीन यंत्रे थेट घरगुती गिऱ्हाइकासाठी बाजारात आली. ब्रिटनमध्ये १९८१ च्या अखेरीस बीबीसी मायक्रो आणि १९८२ साली स्पेक्ट्रम आला. ही यंत्रे कुटुंबाच्या मालकीची होती. मूल मोठे झाले की ती माळ्यावर जात, आणि वीस वर्षांनी तेच मूल स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या आठवणीने ती खाली काढी. म्हणून १९९७ साली सेलम इस्माईल यांनी कॅलिफोर्नियातील प्लेझंटन येथे पहिला व्हिंटेज कॉम्प्युटर फेस्टिव्हल भरवला, तेव्हा मांडायला वस्तूंची वाण नव्हती. पुढे हा मेळावा म्युनिकला आणि अमेरिकेच्या इतर भागांतही भरू लागला. यंत्र काचेआड ठेवायचे नाही, चालू करून दाखवायचे आणि पाहणाऱ्याला कळफलकावर हात ठेवू द्यायचा, ही या मेळाव्यांची खरी ओळख आहे. ब्रिटनमध्ये टोनी सेल यांनी १९९३ पासून ब्लेचली पार्क येथे युद्धकाळात जर्मन गुप्त संदेश उलगडण्यासाठी वापरलेल्या कोलोसस यंत्राची चालती प्रतिकृती उभारायला घेतली, तीही याच वृत्तीतून.

आपल्याकडे संगणक सुरुवातीला घरात आलाच नाही, तो कार्यालयात आला. आयबीएमने १९५९ साली जाहीर केलेला १४०१ हा संगणक भारतात पुष्कळ वर्षे भाड्याने दिला जात होता, आणि परदेशात वापरून झालेले संच डागडुजी करून इथे लावले जातात, अशी टीका कंपनीवर होत असे. परकीय चलन नियमन कायदा, म्हणजे ‘फेरा’, १९७३ साली झाला. त्यानुसार परदेशी भागभांडवल ४० टक्क्यांवर आणण्याची अट पुढे आली, कंपनीने ती मान्य केली नाही आणि १९७८ साली ती देशाबाहेर पडली. मागे राहिलेली यंत्रे सांभाळण्याचे काम कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीकडे आले. ज्या यंत्रांचा मूळ कर्ता देश सोडून गेला, ती यंत्रे चालू ठेवणे हे भारतात अशा रीतीने छंद होण्याआधी सरकारी काम झाले. तिकडे जे लोक हौसेने करतात, ते आपल्याकडे कित्येक जणांनी पगार घेऊन आणि नाइलाजाने केले आहे. जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीविषयी आपल्याकडे जी एक सहज, किंचित कोरडी दृष्टी आढळते, तिचे मूळ मला इथे दिसते.

नोव्हेंबर १९८४ च्या नव्या संगणक धोरणाने आयातीची दारे बरीच सैल केली. त्याच सुमारास शाळांसाठी ‘क्लास’ हा प्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या टप्प्यात २५० शाळांत बीबीसी मायक्रो पोचले. ३२ किलोबाइट स्मृतीचे ते यंत्र कुलूपबंद, चपला बाहेर काढून शिरायच्या खोलीत ठेवलेले असे. बँकांत १९८३ च्या करारानंतर खातेनोंदीची इलेक्ट्रॉनिक यंत्रे, म्हणजे एएलपीएम, येऊ लागली. माडीवर आलेल्या निवृत्त बँक कर्मचाऱ्यांना सगळे ‘काका’ म्हणत होते. त्यांनी सांगितले, “पहिले वर्षभर आम्ही वहीतही लिहायचो आणि यंत्रातही भरायचो, मालक. रात्री दोन्हींचा मेळ बसला नाही, तर वहीच खरी धरायची.”

या कार्यालयीन मालकीचा परिणाम पुढे फार खोल झाला, आणि माझ्या मते सोलापूरसारख्या शहरात जुना संगणक सापडणे इतके अवघड का, याचे खरे उत्तर तिथेच आहे. अनुदानातून घेतलेली वस्तू जडवस्तू नोंदवहीत, म्हणजे ‘डेड स्टॉक रजिस्टर’मध्ये चढते. बाक, घंटा, फळा आणि संगणक यांत ती वही भेद करत नाही. वस्तू निकामी झाली तरी ती कुणाला देता येत नाही, हौशी माणसाला विकता येत नाही आणि फेकताही येत नाही, कारण लेखापरीक्षणात ती दाखवावी लागते. मग निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू वहीतून वगळण्याचा प्रस्ताव जातो, समिती पाहणी करते, मंजुरी येते आणि शेवटी सगळा ढीग एकत्र लिलावात जाऊन वजनावर विकला जातो. या सगळ्यात सहज सात-आठ वर्षे निघून जातात, आणि यंत्र मरते ते याच वर्षांत. त्या काळच्या मुख्य फलकावर (मदरबोर्डवर) घड्याळ चालू ठेवण्यासाठी निकेल-कॅडमियमची छोटी बॅटरी डाख लावून बसवलेली असे. ती वापराविना पडून राहिली की पाझरते आणि तिच्यातला क्षार आसपासच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. नोंदवहीत यंत्र सुरक्षित असते, खोलीत ते सडत असते. मी ज्या महाविद्यालयात शिकलो, तिथल्या संपूर्ण प्रयोगशाळेचे असेच झाले. मी चौकशीला गेलो तेव्हा हातगाडी नुकतीच निघून गेली होती आणि पायरीवर कळफलकाच्या सुट्या कळा पडल्या होत्या.

एक गोष्ट मात्र या वहीच्या बाजूने सांगायला हवी. तिच्यात खरेदीची तारीख, किंमत, पुरवठादार आणि देयकाचा क्रमांक असतो. परदेशी छांदिष्टांना जुन्या जाहिरातींवरून जो तपशील जुळवावा लागतो, तो आपल्याकडे एखाद्या कारकुनाच्या टाकाने आधीच लिहून ठेवलेला आहे, फक्त ती वही वाळवीच्या आधी आपल्या हाती लागली पाहिजे.

खासगी घरांत संगणक पोचला तो नव्वदच्या दशकात, आणि तोही बहुधा जोडून घेतलेला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणायचे आणि इथे जोडायचे, अशी रीत होती. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने जाऊन दुसऱ्या रात्रीच्या गाडीने मांडीवर मॉनिटरचा खोका घेऊन परतलेले दोघे जण त्या दिवशी हजर होते. २००१ साली एमकेसीएलची स्थापना झाली आणि एमएस-सीआयटीच्या वर्गांतून गल्लोगल्ली संगणक दिसू लागला. पण जोडीव यंत्राला नाव नसते. त्याचा मुख्य फलक एकदा बदलला जातो, डबा दुसऱ्यांदा, आणि नेमके कोणते यंत्र जतन करायचे हा प्रश्नच विरून जातो. नामवंत यंत्रांचा संग्रह करणाऱ्यांना यात रस वाटत नाही. मला वाटतो, कारण आपल्या शहराचा संगणक तोच होता.

मेळाव्यात सर्वांत जास्त वेळ गेला तो यंत्रांवर नव्हे, तर त्यांतल्या मराठीवर. देवनागरी संगणकावर आणण्याचे पायाभूत काम आयआयटी कानपूर येथे झाले आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने ते ‘जिस्ट’ या नावाने पुढे नेले. जिस्ट कार्ड संगणकाच्या खाचेत बसवले, की विंडोजआधीच्या डॉस या प्रणालीवर चालणाऱ्या, मुळात फक्त इंग्रजीसाठी लिहिलेल्या कार्यक्रमांतही पडद्यावर देवनागरी उमटे. सहकारी संस्थांचे सभासद, भाग आणि लाभांश यांच्या याद्या अशाच भरल्या गेल्या. या कार्डामागे इस्की ही संकेतप्रणाली होती आणि १९९१ साली तिला भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली. इस्की अक्षर साठवते ते उच्चाराच्या क्रमाने, म्हणजे ‘कि’ लिहिताना आधी क आणि मग ऱ्हस्व वेलांटी. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीवरच बेतलेली असल्यामुळे त्या काळातला मजकूर आज फारशा कष्टाविना वाचता येतो.

विंडोज आल्यावर गणित बदलले. श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या सॉफ्टवेअरांच्या फॉण्टांत अक्षराचा उच्चार साठवला जात नव्हता, तर त्याचा आकार साठवला जात होता. वेलांटी डोळ्यांना आधी दिसते म्हणून ती आधी, मग अक्षर, मग रफार, आणि प्रत्येक फॉण्टकुळाचा हिशेब निराळा. मूळ फॉण्ट नसेल तर असा मजकूर उघडल्यावर नुसती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. शिवाय सॉफ्टवेअरची चोरी होऊ नये म्हणून प्रिंटरच्या खोबणीत एक छोटे हार्डवेअर लॉक लावावे लागे. ते हरवले किंवा नव्या संगणकाला ती खोबणच नसली, की पैसे मोजून घेतलेले सॉफ्टवेअरही उघडत नाही. विंडोज २००० पासून युनिकोड देवनागरीची सोय आली, तरी छापखान्यांनी जुने फॉण्ट त्यानंतरही कितीतरी वर्षे सोडले नाहीत. परिणामी १९८९ ची सभासदयादी वाचता येते आणि २००३ चा दिवाळी अंक वाचता येत नाही, असा उलटा प्रकार घडला आहे. डीटीपी करणाऱ्यांपैकी एकांनी म्हणूनच आपला विंडोज ९८ चा संगणक, लॉकसह, अजून मोडीत काढलेला नाही. त्याला शोभेची वस्तू म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांनी त्या दिवशी चांगलेच सुनावले.

दुरुस्तीविषयी थोडक्यातच सांगतो. प्लास्टिक पिवळे पडते ते त्यातल्या ज्वालारोधक ब्रोमीनयुक्त द्रव्यांमुळे, आणि हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवले तर रंग बराचसा परत येतो. सोलापुरात उन्हाची टंचाई नाही, मात्र एप्रिल-मेमध्ये हा प्रयोग केल्यास डबा वाकतो, असे टीव्ही दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांनी अनुभवाने सांगितले. फुगलेले कपॅसिटर तेच बदलून देतात. फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी पेनड्राइव्ह वाचणारे छोटे उपकरण बसवावे की नाही, यावर एकमत झाले नाही.

संध्याकाळी चहानंतर काकांनी आणलेला खोका उघडला गेला. एका विणकर सहकारी संस्थेचे काम त्यांनी काही वर्षे फावल्या वेळात केले होते आणि त्या फ्लॉपी त्यांच्याकडेच राहिल्या होत्या. ४० पैकी २७ वाचता आल्या. २८६ मध्ये जिस्ट कार्ड होते, त्यामुळे तिसऱ्या फ्लॉपीवरची यादी थेट पडद्यावर आली: सभासद क्रमांक, नाव, मागांची संख्या, येणे बाकी. यजमानांचे वडील चष्मा लावून पुढे सरकले आणि नावे मोठ्याने वाचू लागले. अकराव्या नावाशी ते थांबले, ते त्यांच्या थोरल्या भावाचे होते. ‘माग: ४’ असे तिथे लिहिले होते. “सहा होते,” ते म्हणाले, “यांनी दोन कमी लावले आहेत,” आणि नोंद दुरुस्त करता येईल का, असे त्यांनी काकांना विचारले.